बाहुलीघर घरच्या घरी: आधी माप, मग पुठ्ठा

नागपुरातील तीन वाचकांनी बाहुलीघराविषयी विचारले आहे. प्रश्न एकमेकांना जोडून असल्यामुळे त्यांची उत्तरे या अंकात एकत्र देत आहोत.

प्रश्न: माझ्या सहा वर्षांच्या नातीला बाहुलीसाठी दुमजली घर हवे आहे. मागील उन्हाळ्यात खोक्याच्या पुठ्ठ्याचे एक घर केले होते, परंतु आतून रंगीत कागद चिकटवल्यावर भिंती आतल्या बाजूला वाकल्या आणि पावसाळ्यात वरचा मजला खाली बसला. सध्या घरात नव्या कूलरचे मोठे खोके, जुन्या लग्नपत्रिका, रिकाम्या आगपेट्या आणि शिंप्याकडून आणलेले कापडाचे तुकडे आहेत. कमी खर्चात टिकाऊ घर कसे करावे?
एक आजी, धरमपेठ

उत्तर: आपल्याजवळ जे साहित्य आहे, तेवढ्यात उत्तम घर होते. विकत आणावे लागेल ते फेविकॉल, चांगला कटर, लोखंडी पट्टी आणि थोडा रंग इतकेच. मात्र पुठ्ठ्याला हात लावण्यापूर्वी नातीची बाहुली मोजून घ्यावी, कारण घराचे प्रत्येक माप तिच्या उंचीवरून निघते.

बाहुली १४ सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर १:१२ हे माप धरावे; म्हणजे खऱ्या घरातील एक फूट तो बाहुलीच्या घरातील एक इंच. हे माप बाहुलीघरांसाठी जगभर रूढ आहे. नवी दिल्लीची आखणी करणारे एडविन ल्यूटेन्स यांच्या आराखड्यानुसार १९२१ ते १९२४ या काळात राणी मेरीसाठी बांधलेले आणि आज विंडसर किल्ल्यात असलेले बाहुलीघरही याच मापाचे आहे. या हिशेबाने दहा फुटी खोलीची उंची २५ सेंटिमीटर, दाराची उंची १८ आणि रुंदी साडेसात सेंटिमीटर, तर खुर्चीच्या बैठकीची उंची जेमतेम चार सेंटिमीटर येते. बाजारात मिळणारी लांब केसांची, सुमारे २९ सेंटिमीटर उंचीची बाहुली असेल, तर माप १:६ होते आणि वरील सर्व आकडे दुप्पट करावे लागतात. तसे दुमजली घर मीटरभर उंच होईल. ते सहा वर्षांच्या मुलीच्या जवळजवळ खांद्याशी येईल आणि खोलीतली मोठी जागा अडवेल. म्हणून मोठ्या बाहुलीसाठी एकमजली, प्रशस्त घर करावे आणि दुमजली घर लहान बाहुलीसाठी राखावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लहान मापाच्या घरासाठी रुंदी ६० सेंटिमीटर, एकूण उंची ५० सेंटिमीटर आणि खोली २८ ते ३० सेंटिमीटर धरून पुढची बाजू पूर्ण उघडी ठेवावी. घर याहून खोल केल्यास मुलीचा हात मागच्या भिंतीपर्यंत नीट पोहोचत नाही आणि मागे मांडलेल्या वस्तू खेळात येतच नाहीत.

आता भिंतींविषयी. कूलरच्या खोक्याचा जाड पुठ्ठा आडवा कापून पाहिला, तर दोन कागदांच्या मधे पन्हळी दिसतात. त्या भिंतीत नेहमी उभ्या राहतील अशा बेताने कापावे, कारण उभ्या पन्हळी वरचा भार पेलतात आणि आडव्या असतील तर पुठ्ठा त्याच रेषेवर मुडपतो. मजल्यासाठी एक थर कधीही पुरत नाही. दोन थर घ्यावेत, एकाच्या पन्हळी लांबीच्या दिशेने आणि दुसऱ्याच्या रुंदीच्या दिशेने ठेवून ते फेविकॉलने चिकटवावेत आणि रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवावेत. आपला मजला खाली बसला तो बहुधा एकेरी पुठ्ठ्यामुळे आणि पावसाळी ओलीमुळे. मधली उभी भिंत आणि आडवा मजला जिथे एकमेकांना छेदतात, तिथे दोन्हींना निम्म्यापर्यंत, पुठ्ठ्याच्या जाडीइतक्या रुंदीची खाच पाडून ते एकमेकांत बसवावेत. अशा जोडात भार खाचेवर येतो, गोंदाला फक्त हलणे थांबवायचे असते. बाहेरच्या कोपऱ्यांवर आतून आणि बाहेरून खाकी कागदाच्या चार सेंटिमीटर रुंद पट्ट्या चिकटवाव्यात.

कापताना कटर एकदाच जोर लावून ओढू नये. लोखंडी पट्टी घट्ट धरून त्याच रेषेवर तीन-चार वेळा हलका हात फिरवला, म्हणजे कड स्वच्छ येते. पाते बोथट झाले की पन्हळी चेपतात, म्हणून त्याचे टोक वेळोवेळी मोडून नवी धार घ्यावी. कापण्याचे काम अर्थातच मोठ्यांनीच करावे. मोजणे, चिकटवणे आणि रंगवणे ही कामे मात्र नातीकडे द्यावीत.

भिंती वाकण्याचे कारण समजून घेतले, तर ती अडचण पुन्हा येणार नाही. ओल्या गोंदाने कागद फुगतो आणि वाळताना आक्रसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूला कागद लावल्यास ओढही एकाच बाजूने बसते. म्हणून आतून रंगीत कागद लावला, की बाहेरून तेवढ्याच जाडीचा कागद, तो जुना वर्तमानपत्राचा असला तरी चालेल, त्याच दिवशी लावावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा इतकी कोरडी असते की एक टोक चिकटवेपर्यंत दुसऱ्या टोकाचा गोंद सुकलेला असतो. अशा दिवसांत हे काम सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर करावे, आणि चिकटवलेले भाग उन्हात किंवा कूलरच्या झोतासमोर न ठेवता सपाट जागी वजनाखाली वाळू द्यावेत.

पावसाळ्यासाठी कापलेल्या कडांसह सर्व पुठ्ठ्याला रंगापूर्वी एक पातळ हात द्यावा. त्यासाठी पाणी घालून सैल केलेले फेविकॉल किंवा घराच्या भिंती रंगवून उरलेला इमल्शन रंग चालतो. पोस्टर रंग थेट कोऱ्या पुठ्ठ्यावर लावल्यास तो पाणी पितो आणि पोपडे येतात.

खर्च वाचवण्यासाठी कणकेची खळ वापरण्याचा मोह होईल. तिने कागद छान चिकटतो, परंतु झुरळे आणि कसर यांना ती अन्नच वाटते. पूर्वी यावर उपाय म्हणून खळीत मोरचूद घालत असत. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे मुलांच्या खेळण्यात ते मुळीच घालू नये.

जिन्याचा हट्ट धरू नये, असे मी सुचवेन. या मापात दीड सेंटिमीटरची एक पायरी धरली तर २५ सेंटिमीटर चढायला सतरा पायऱ्या लागतात आणि प्रत्येकीला दोन सेंटिमीटर जागा दिली तर जिना ३४ सेंटिमीटर पसरतो, म्हणजे एक संपूर्ण खोली जाते. महाल भागातील जुन्या घरांसारखा अरुंद, उभा जिना बाहेरच्या भिंतीला लावला, तर आतली जागा मोकळी राहते.

सजावट सर्वांत शेवटी करावी आणि त्या वेळी नातीला तिच्या ओळखीचे घर दिसू द्यावे. चित्रातले उतरत्या लाल छपराचे, धुरांड्याचे घर तिने कुठे पाहिले आहे? तिच्या घराला गच्ची असते, खिडकीत कूलर असतो, अंगणात तुळशीवृंदावन असते. औषधाच्या लहान खोक्याच्या तीन बाजू कापून तिथे नारळाचा काथ्या विंचरून लावला, की खिडकीतला कूलर तयार होतो. लग्नपत्रिकांचा कागद जाड आणि गुळगुळीत असल्यामुळे दोन-दोन सेंटिमीटरचे चौकोन कापून त्यांची फरशी सुंदर दिसते, आणि पत्रिकेवरचा गणपती कापून देवघरात लावता येतो. चार आगपेट्या एकावर एक चिकटवून समोर मणी ओवले, की खणांचे कपाट होते. त्याची सहा सेंटिमीटर उंची खऱ्या मापात ७२ सेंटिमीटर, म्हणजे नेमकी शोभेल इतकीच येते. मिठाईच्या डब्याचे पारदर्शक झाकण खिडकीच्या काचेसाठी, जुनी बांगडी आरशाच्या चौकटीसाठी उपयोगी पडते. मणी, लेस आणि कागद इतवारीच्या घाऊक बाजारात पुड्याने मिळतात, म्हणून शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून आणले तर अधिक स्वस्त पडतील. तान्ह्या पोळ्याचा लहान लाकडी बैल घरात असेलच. तो अंगणात उभा करावा. भातुकलीची पितळी भांडी मात्र या मापाला मोठी पडतात, कारण चार सेंटिमीटरचे पातेले बाहुलीच्या दृष्टीने जवळजवळ अर्ध्या मीटरचे होते. तरीही नातीला तीच हवी असतील तर तिला अडवू नये.

प्रश्न: आमच्याकडे संत्र्यांची एक रिकामी लाकडी पेटी पडून आहे. पुठ्ठ्याऐवजी तिचेच घर केले तर चालेल का?
एक वाचक, काटोल रोड

उत्तर: अवश्य चालेल, आणि सांगाडा म्हणून ती पुठ्ठ्याहून सरस ठरेल. पेटी उभी केली आणि तिला मधली फळी असली, तर दोन मजले आयतेच मिळतात. प्रथम वर आलेले खिळे उपटावेत किंवा ठोकून आत घालावेत, नंतर सर्व फळ्या आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासाव्यात, कारण या लाकडाची कुसळे लहान हातांत पटकन शिरतात. नवा खिळा फळीच्या टोकाजवळ सरळ ठोकल्यास मऊ लाकूड चिरते. आधी बारीक भोक पाडून घ्यावे. फळ्यांमधील फटी आतून पुठ्ठा लावून बुजवाव्यात. पेटी ओलसर भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नये, वाळवी लागते. वाळवीचे औषध मात्र खेळण्याला लावू नये. घर स्टुलावर ठेवणे हाच त्यावरचा योग्य उपाय आहे.

प्रश्न: घरात दिवे बसवायचे आहेत. माझा धाकटा मुलगा दीड वर्षाचा आहे, म्हणून भीती वाटते.
एक आई, प्रतापनगर

उत्तर: आपली भीती रास्त आहे. बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारे दिवे आपल्या घरात आणूच नयेत, कारण तो सेल मुलाने गिळल्यास अन्ननलिकेत अडकून दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी इजा करू शकतो. तसा नुसता संशय आला तरी वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. साध्या पेन्सिल सेलवर चालणारी आणि सेलच्या डबीला स्क्रू असलेली एलईडी माळ घ्यावी, डबी मागच्या भिंतीबाहेर चिकटवावी आणि तार भोकातून आत घ्यावी. विजेच्या प्लगवर चालणारी माळ पुठ्ठ्याच्या घरात लावू नये. मणी, आगपेटीचे खण, लहान भांडी अशा सुट्या वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतात, म्हणून खेळ संपल्यावर त्या झाकणाच्या डब्यात भरून उंचावर ठेवाव्यात. दोन्ही मुले एकत्र खेळणार असतील, तर कपाट आणि पलंग घराला पक्के चिकटवून टाकावेत आणि सुटी फक्त कापडाची बाहुली ठेवावी, तिचे डोळेही मण्यांचे नसून धाग्याने भरलेले असावेत.