जुन्या गाडीचं वायरिंग: आधी अर्थिंग बघ

अरे, लगेच पार्ट मागवत बसू नकोस. इंडिकेटर लावला की हेडलाइट पण मंद लुकलुकतोय म्हणतोस ना, मग नव्वद टक्के अर्थिंगचाच घोळ आहे, म्हणजे दिव्यातून करंट गाडीच्या बॉडीमार्गे बॅटरीकडे परत जायचा जो रस्ता असतो, त्याचा. मी पण आधी फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) बदलला, मग स्विच बदलला, आणि शेवटी सापडलं काय तर अर्थच्या बोल्टखाली रंगाचा थर, पॉलिश पेपरने घासला, पाच मिनिटांत काम झालं.

आधी बॅटरी बघ, गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. मग दिवा चालू ठेवूनच मल्टीमीटरचा एक प्रोब (टोकदार वायर) बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरा त्या दिव्याच्या मेटल होल्डरला लाव, ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दाखवलं तर अर्थ खराब. दिवा बंद ठेवून मोजलंस तर काहीच कळणार नाही, करंटच वाहत नाही ना. आणि हो, काही जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थ असतात, म्हणजे बॉडीला बॅटरीचा पॉझिटिव्ह जोडलेला असतो, तेव्हा आधी बॉडीला कुठली केबल गेलीय ते बघ आणि निगेटिव्हऐवजी त्याच टोकाला प्रोब लाव.

फ्यूज वरून चांगला दिसला तरी काढून बघ, टोकांना हिरवट गंज असू शकतो. आणि सारखा उडतोय म्हणून जास्त अँपिअरचा टाकू नकोस रे बाबा, मग फ्यूजऐवजी वायर जळते.