मराठवाड्यातल्या भुताच्या वाड्यात कुणी रात्र काढली आहे का? आम्ही मित्र जाणार आहोत, काय अनुभव येतो?

हो, काढली आहे. तो वाडा आमचाच आहे, म्हणूनच प्रश्न वाचून राहवलं नाही. गाव औसा तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, कारण मागं काही पोरं भिंतीवरून आत उतरली आणि ‘रझाकारात पेवात पुरलेल्या बाईचा वाडा’ म्हणून व्हिडिओ टाकून गेली. ती बाई म्हणजे आमची माई, माझ्या आजोबांची विधवा वहिनी. तिच्या हातचं खाऊन मी वाढलो. त्यामुळं तुमच्या प्रश्नाविषयी थोडं आणि तिच्याविषयी जास्त लिहिलं जाईल, इलाज नाही.

गावात सांगतात ते असं: माईनं सोन्याच्या हंड्याची जागा सांगितली नाही, म्हणून रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांनी, तिला परसातल्या पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यात, लोटलं आणि वर शिळा ठेवली. आता ती अमावस्येला भात शिजवते, माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, येरझाऱ्या घालते, बळदातून, म्हणजे धान्याच्या अंधाऱ्या कोठीतून, सुस्कारे टाकते.

खरं काय ते मी तिच्याच तोंडून ऐकलंय. १९४८ साली आमच्या घरची माणसं बार्शीकडच्या कॅम्पात गेली, कारण बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर होती. माई गेली नाही. पदरी लेकरू नव्हतं, आणि वाडा एकदा सोडला तर परत उंबरा ओलांडायला मिळेल याची तिला खात्री नव्हती. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, म्हणजे भारतीय सैन्यानं निजामाचं राज्य ताब्यात घेतलं, माणसं परतली, तर पेवातली ज्वारी पार तळाला गेलेली. ज्यांच्या चुली विझल्या होत्या त्यांना तिनं पायलीपायलीनं वाटली होती. ॲक्शननंतर वारं उलटं फिरलं, आमच्या भागात मुसलमानांच्या घरांवर वेळ आली, तेव्हा शेजारच्या तांबोळ्यांच्या बायालेकरांना तिनं माजघरात ठेवून घेतलं. हंडा कुठंच नव्हता. होती ती ज्वारी, आणि ती लोकांच्या पोटात गेली.

त्यानंतर माई कितीतरी वर्षं त्याच वाड्यात जगली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र, दमूनभागून झोपलेली माणसं. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर माळवदाच्या मातीचं ते ओझं, ज्यानं किल्लारी आणि आसपास हजारो माणसं गाडली. आमचं गाव पुनर्वसनाच्या बावन्न गावांत नव्हतं. वाड्याचा मागचा सोपा, म्हणजे पडवी, तेवढी खचली, बाकी उभं राहिलं. पण माळवदाखाली झोपायची कुणाची छाती होईना. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये गेलो, आणि पुढच्या उन्हाळ्यात माई तिथंच, आमच्या सगळ्यांसमोर, म्हातारपणानं गेली. वाडा रिकामा पडला आणि मग भूत आलं. मी शाळेत होतो तोवर या भुताचं नावही कुणी काढलेलं नव्हतं.

आता रात्रीचं. मी आणि मावसभाऊ एका उन्हाळ्यात मुद्दाम राहिलो. आई म्हणाली, “कशाला जायलास तिकडं, लेकरा? जित्या घरात झोप की.” आम्ही ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, सतरंजी टाकली. अंधार पडल्यावर तुळया कट्‌कट् वाजायला लागल्या. दिवसभर तापलेलं सागवान रात्री आकसतं, हे मला माहीत होतं, तरी दर आवाजाला मान वळायचीच. मध्यरात्री माळवदावर पावलं वाजली. सावकाश चार पावलं, थांबायचं, पुन्हा चार. प्रत्येक पावलाला किलचणीतून, म्हणजे तुळयांवरच्या लाकडी फळकुटांतून, माती आमच्या अंगावर गळत होती. आणि मग वास आला. आंबेमोहर शिजताना येतो तसा, अगदी स्वच्छ. मावसभावानं रामरक्षा सुरू केली. तेवढ्यात बळदातून लांब, घशातून ओढल्यासारखा सुस्कारा. माझ्या तोंडाला कोरड पडली. भीती वाटते, माहीत असूनही वाटते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

उजाडल्यावर शिडी लावून वर चढलो. माळवदाच्या पांढऱ्या मातीत मांजरापेक्षा थोरले पंजे उमटले होते आणि पन्हाळीजवळ लेंड्या, त्यात सिंदीच्या बिया जशाच्या तशा. उदमांजर. जुन्या घरांची माळवदं त्याला फार आवडतात, आणि त्याच्या अंगाचा-मुताचा वास सुवासिक तांदूळ शिजल्यासारखा येतो. बळदाच्या तोंडाशी काळपट गोळे पडले होते. काडीनं एक फोडला, आत केसांत गुंडाळलेली उंदराची हाडं, आणि नखाएवढा एक जबडा, पुढचे दात नारिंगी. वर पाहिलं तर पानाच्या आकाराचं पांढरं तोंड आमच्याकडं टक लावून बसलेलं. गव्हाणी घुबड. फुत्कार टाकतं तेव्हा माणूसच उसासतंय असं वाटतं. त्याची पिल्लं तर घोरतात.

इथं थांबता आलं असतं, पण पेवाचं सांगायलाच पाहिजे. हंड्याची गोष्ट पसरल्यावर गुप्तधन शोधणारी एक टोळी मांत्रिक घेऊन आली. रात्री लिंबू-नारळ केलं, शिळा सरकवली आणि लगेच रोजंदारीवर आणलेल्या एका माणसाला दोरानं खाली सोडलं. तो जिवंत वर आला नाही. दुसऱ्या दिवशी गावभर एकच: माईनं ओढला.

पेवात तळाला ज्वारी आणि कडबा कुजत पडलेला असतो. ओल लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो हवेपेक्षा जड, बंद पेवात तळाशी साचून राहतो. खाली गेलेला माणूस ओरडायच्या आत कोसळतो. हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना शास्त्राशिवाय माहीत होतं. माई स्वतः गड्यांना बजावायची: सकाळी तोंड उघडा, दिवसभर उघडं ठेवा, मग कंदील सोडा, विझला तर उतरायचं नाही. जिनं जन्मभर हे सांगितलं तिच्याच नावावर तो जीव गेला, आणि ज्यांनी त्याला खाली सोडलं ते मोकळे फिरले.

माझं आणि थोरल्या काकांचं भांडण नेमकं इथलं आहे. त्यांचं म्हणणं, “भूत राहू दे, राखण करतंय. लोक भितात म्हणून दारं-खांब शाबूत आहेत.” मला हे कधीच पटलं नाही. राखण कुठं झाली? ज्या गोष्टीत पुरलेली बाई आहे त्या गोष्टीत हंडाही आहे, आणि हंड्यासाठी लोक भिंती पोखरतातच. माजघराच्या भिंतीला बैल जाईल एवढं भगदाड आहे, ते घुबडानं पाडलेलं नाही. तेव्हा जादूटोणाविरोधी कायदा नव्हता, तो २०१३ साली आला. आता गुप्तधनाच्या नावाखाली असले अघोरी प्रकार करणाऱ्याला सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. तुमच्या गावात कुणी वाड्यात लिंबू कापताना दिसला तर मित्रांना फोन करण्याआधी पोलिसांना करा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मालकाला विचारून जा, आणि राहायचंच असेल तर अंगणात झोपा. माळवदावर चढू नका. आम्ही चढलो ते भिंतीच्या कडेकडेनं, कुठली तुळई धड आहे हे माहीत होतं म्हणून. पावसाळ्यात तर वाड्यात पाऊलच टाकू नका, भिजलेली माती खाली कधी येईल सांगता येत नाही. वटवाघळं असतील तिथं नाकाला रुमाल बांधा. पेवात, तळघरात उतरायचं नाही, कंदील जळत राहिला तरी नाही. तो विझण्याआधीही माणूस बेशुद्ध पडू शकतो. माझा अनुभव एका वाड्याचा आहे, तुमच्याकडं दुसरंच काही निघेल. पण तिथल्या भुताला बाईचं नाव असेल, तर ती कोण होती, कधी आणि कशानं गेली, एवढं गावातल्या म्हाताऱ्यांना विचारूनच व्हिडिओ टाका.

आणि काका, हे तुमच्यापर्यंत कुणीतरी पोचवेलच. वाडा विकायला माझी ना नाही, सही देतो. आधी ते पेव मुरूम टाकून बुजवा, खर्च माझा. आणि गिऱ्हाईक आलं की त्याला माई पत्र्याच्या शेडमध्ये गेली हे तुम्ही स्वतः सांगा, तुम्ही तिच्या उशाशी होतात.