जवसाच्या धाग्यावर वसलेले गाव

प्रश्न : आयर्लंडमधील बेसब्रूक या गिरणीच्या गावात दारूचा गुत्ता, गहाणवटीचे दुकान आणि पोलीस चौकी यांपैकी काहीच नव्हते, असे वाचनात आले. हे खरे आहे काय? आणि तेथे होणारे लिननचे कापड आपल्याकडच्या जवसाचेच असते काय? – एक वाचक, अकोला

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आधी जवसाविषयी. झाड तेच, परंतु विदर्भात जवस रब्बीत बियांसाठी, म्हणजे तेलासाठी आणि चटणीसाठी, घेतात आणि ते वाण ठेंगणे व फांद्या फुटणारे असल्याने त्याचा धागा आखूड निघतो. आयर्लंडच्या थंड, दमट हवेत दाट पेरलेले जवस सरळसोट, सुमारे मीटरभर वाढे आणि धागा पूर्ण लांबीचा मिळावा म्हणून ते कापत नसत, मुठीमुठीने उपटत. पुढे त्याच्या पेंढ्या डबक्यात बुडवून, आपण अंबाडीचा वाख काढताना करतो तशा, कुजवल्या जात. त्या दिवसांत शिवारात दुर्गंधी पसरे, ती वेगळीच.

बेसब्रूक हे आज उत्तर आयर्लंडमध्ये मोडणाऱ्या आर्मा परगण्यातले गाव. कॅमलॉ नदीच्या पाण्यावर तेथे आधीपासूनच लिननचा धंदा चाले. १८४५च्या सुमारास जॉन ग्रब रिचर्डसन यांनी ती मालमत्ता घेऊन गिरणी वाढवली आणि मोकळ्या हिरव्या चौकांभोवती कामगारांसाठी ग्रॅनाइटची घरे बांधली. ते क्वेकर या साधेपणा व शांतता मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे होते. दारू नसेल तर घरातली भांडीकुंडी गहाण पडणार नाहीत आणि मारामारी नसेल तर पोलिसांचे काम उरणार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. अर्थात, ज्याला प्यायचीच होती त्याला न्यूरी शहर काही फार लांब नव्हते. घर आणि पगार एकाच हाताचे असले की मालकाचा सद्विचारही हुकूम ठरतो, हे येथे विसरू नये.

घरे चांगली होती म्हणून काम सोपे नव्हते. बारीक सूत काढण्यासाठी जवसाचे पेळू गरम पाण्याच्या कुंडातून ओढावे लागत. त्यामुळे कातणखात्यात सदैव वाफ कोंडलेली, फरशी ओली, आणि बायका व मुली अनवाणी उभ्या. १८६१ ते १८६५च्या अमेरिकी यादवीत कापूस दुर्मीळ झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला जसा भाव आला तशीच आयरिश लिननलाही मागणी वाढली.

१८८५ मध्ये बेसब्रूक ते न्यूरी अशी, जलविद्युतेवर चालणारी ट्राम सुरू झाली. तिच्या मालडब्यांच्या चाकांना, रेल्वेच्या चाकांना रुळावर धरून ठेवणाऱ्या असतात तशा, कडाच नव्हत्या. त्यांच्यासाठी मुख्य रुळांच्या बाहेरून, किंचित खालच्या पातळीवर, वेगळी पट्टी घातली होती. त्यामुळे तोच डबा रुळांवरून उतरवून घोडा जुंपून रस्त्यानेही नेता येई. मला तरी या गावाची ही सर्वांत डोकेबाज गोष्ट वाटते. ट्राम १९४८ साली बंद पडली.

पुढे कृत्रिम धाग्यांपुढे लिननचा टिकाव लागेना आणि १९७०च्या दशकात गिरणी थांबली. ब्रिटनसोबत राहायचे की आयर्लंडमध्ये सामील व्हायचे, यावरून उत्तर आयर्लंडमध्ये पेटलेल्या सशस्त्र संघर्षाच्या काळात तिच्या इमारतीत ब्रिटिश लष्कराचा तळ आला. आसपासच्या रस्त्यांवर सुरुंगांची धास्ती असल्याने माणसे आणि सामान हेलिकॉप्टरने जाई, इतके की हा युरोपातील सर्वांत वर्दळीच्या हेलिकॉप्टर तळांपैकी एक गणला जाऊ लागला. पोलीस चौकीवाचून वसवलेल्या या गावातून लष्कर २००७ साली बाहेर पडले.