सहा महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्नीचं वय २७, राहायला घणसोलीत, हिमोग्लोबिन १०.२. सहा महिने लोहाच्या गोळ्या झाल्या, जोडीला बीट, डाळिंब, खजूर, गूळ-शेंगदाणे सगळं चालू आहे, तरी आकडा जागचा हलत नाही. आता मूल हवंय, तर गोळी बदलावी की सलाइनमधून लोह घ्यावं? तुम्ही रिपोर्टमधले बाकीचे आकडेही लिहिलेत हे फार बरं केलंत. खरी गोष्ट त्यांच्यातच आहे.

मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, त्याआधी रक्तपेढीत होतो. निदान आणि औषध हे डॉक्टरांचं काम, त्यात मी पडत नाही. पण सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, कागद रोज डोळ्यांखालून जातो, आणि वहिनींचा रिपोर्ट बघून मला ठामपणे वाटतं की गोळी बदलण्याआधी एक तपासणी राहून गेली आहे. तिचं नाव एचपीएलसी, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी रक्ततपासणी. सोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, करून घ्या. सलाइनचं नंतर बघू.

आता हे कशावरून म्हणतो ते सांगतो. रिपोर्ट हातात आला की लोक हिमोग्लोबिनची ओळ बघतात आणि कागद घडी घालून पर्समध्ये टाकतात. त्याच्या खालच्या दोन ओळी बघा. आरबीसी काउंट, म्हणजे तांबड्या पेशींची संख्या, ५४ लाख, एमसीव्ही ६१. एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, ते साधारण ८० ते १०० असायला हवं. म्हणजे वहिनींच्या पेशी चांगल्याच लहान आहेत, पण संख्येने कमी नाहीत, उलट भरपूर आहेत.

पीठ कमी पडलं तर भाकऱ्या लहान होतात आणि कमीही होतात. लोहाच्या कमतरतेत नेमकं हेच होतं: पेशी लहान, आणि कमतरता वाढेल तशी त्यांची संख्याही घटते. वहिनींकडे पेशी लहान असूनही ५४ लाख आहेत. हे चित्र थॅलेसेमिया मायनरमध्ये दिसतं, म्हणजे हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकात जन्मतःच सौम्य दोष असतो तेव्हा. यासाठी एक सोपा हिशेब आहे, मेंट्झर यांनी १९७३ साली मांडलेला: एमसीव्हीला दशलक्षातल्या आरबीसी काउंटने भागायचं. ६१ भागिले ५.४, उत्तर ११.३. १३ च्या वर आलं तर संशय लोहावर, १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरवर. हा नुसता इशारा आहे, निदान नव्हे, पण इतका सरळ इशारा सोडून देऊ नये.

दोन्हींत फरक कशामुळे पडतो? हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. प्रत्येक साखळीत एक हीम, हीमच्या मध्यभागी लोहाचा एक अणू, आणि ऑक्सिजन धरतो तो हा अणू. लोह कमी पडलं की हीम कमी बनतं. लोह दिलं की गाडी रुळावर येते. पण बीटा साखळी बनवणाऱ्या जनुकातच दोष असेल, तर लोह कितीही ओता, साखळीच कमी बनते. बीटा मायनरमध्ये या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असते, दुसरी काम सांभाळते. माणूस धडधाकट असतो, नोकरी करतो, गरबा खेळतो, फक्त हिमोग्लोबिन आयुष्यभर १० ते ११ च्या आसपास राहतं. हा आजार नाही आणि यावर औषधही लागत नाही.

आम्ही काचपट्टी बघतो तेव्हाही हा फरक दिसतो. जांभळ्या बुचाच्या नळीतला एक थेंब पट्टीवर ओढायचा, वाळवायचा, रंगवायचा. लोह कमी असलेल्या रक्तात पेशी फिकट, मधे मोठा पांढरा गोल आणि कडेला लाल रंगाची बारीक रेघ तेवढी उरलेली. लहान-मोठ्या पेशींची सरमिसळ, मधूनच लांबट पेन्सिल सेल. मायनरमध्ये पेशी लहान, पण बऱ्याच एकसारख्या, आणि काहींच्या फिकट भागात पुन्हा एक लाल ठिपका. त्यांना टार्गेट सेल म्हणतात. तरीही शिक्कामोर्तब काचपट्टीवर होत नाही. एचपीएलसीत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजले जातात. त्यात ए-टू हा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर निघाला, की बीटा थॅलेसेमिया मायनर असं साधारणपणे धरतात.

फेरिटिन सोबत का, तर लोहाची कमतरता बरीच असेल तर ए-टू खोटं कमी दिसू शकतं आणि मायनर निसटतं. शिवाय मायनर असलेल्या बाईलाही लोह कमी पडू शकतं, मग तिला लोह द्यावंच लागतं. मात्र फेरिटिन चांगलं असताना लोह भरत राहिलं तर ते शरीरात साठतं. शरीराला जादा लोह बाहेर टाकायची वाटच नाही. म्हणून सलाइनमधून लोह हे फेरिटिन बघितल्याशिवाय नको. आणि फेरिटिनसाठी रक्त द्यायला ताप किंवा कुठलं इन्फेक्शन असताना जाऊ नका, आकडा फुगलेला येतो.

तुमच्या डॉक्टरांनी आधी लोह दिलं यात मला काही गैर वाटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. त्यात लोहाची कमतरता हे मोठं कारण, तेव्हा आधी तेच देणार. पण लोह लागू पडत असेल तर महिन्याभरात एक-दोन ग्रॅमची वाढ दिसते. सहा महिन्यांत काहीच नाही, म्हणजे कारण दुसरं असू शकतं.

हे वाचणाऱ्या इतर कुणाचं एमसीव्हीही कमी आणि आरबीसीही कमी असेल, तर त्यांनी गोळी कशी घेतो ते बघावं. चहासोबत, कॅल्शियमच्या गोळीसोबत किंवा रोजच्या ॲसिडिटीच्या गोळीवर घेतलेलं लोह नीट शोषलं जात नाही. लिंबू-पाण्यासोबत घेतलेलं जास्त लागतं. पाळीत अंगावरून फार जातं का, मूळव्याध आहे का, हेही डॉक्टरांना न लाजता सांगावं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं लोह कमी निघालं तर पोटात कुठे रक्तस्राव होतोय का हे शोधायलाच हवं, नुसत्या गोळ्यांवर राहू नये. एमसीव्ही १०० च्या वर असेल तर बी-१२ आणि फॉलिक ॲसिडकडे बघायचं. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ हमखास कमी सापडतं. आणि बीट. बीटाचा लाल रंग आणि रक्ताचा लाल रंग यांचा काडीचा संबंध नाही, त्यात लोह थोडंच असतं. खायला छान आहे, जरूर खा. लोहासाठी अळीव, नाचणी, डाळी, आणि चालत असेल तर मटण-कलेजी.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी इतकं लिहितोय. वहिनींना मायनर निघालं तर त्यांना स्वतःला धोका नाही. प्रश्न तुमचा आहे. तुम्हालाही मायनर असेल, तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते की बाळाला दोन्हीकडून सदोष जनुक मिळेल आणि थॅलेसेमिया मेजर होईल. असं बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं. सहा महिन्यांनंतर ते फिकट पडू लागतं. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला रोजचं औषध. रक्तपेढीत असताना अशी मुलं आमच्याकडे क्रॉसमॅचला, म्हणजे दात्याचं रक्त जुळतं का ते बघायला, येत. सात-आठ वर्षांची पोरं स्वतःच हात पुढे करून सांगायची, या शिरेत नको काका, मागच्या वेळी इथे सुजलं होतं. त्यांच्या बहुतेक आई-बाबांना लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला ही तपासणी कुणी सुचवलेलीच नव्हती.

त्यामुळे एचपीएलसी तुम्हीही करा, त्यांच्यासोबत, त्याच दिवशी. ‘आमच्यात हे नसतं’ असं घरून ऐकायला मिळेल. सिंधी, पंजाबी, कच्छी भानुशाली, लोहाणा या समाजांत प्रमाण जास्त आहे हे खरं, आणि कोपरी-उल्हासनगरकडे त्याबद्दल जागरूकताही जास्त दिसते. पण मायनर मराठा, आगरी, ब्राह्मण, सगळ्यांत सापडतं. पालघर-जव्हारकडच्या आदिवासी समाजांत सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आजाराचं, जनुक आढळतं, तेही याच तपासणीत कळतं. एकाला सिकलसेलचं आणि दुसऱ्याला बीटा थॅलेसेमियाचं मायनर असेल तरी बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

तुमचा रिपोर्ट नॉर्मल आला तर निर्धास्त राहा आणि खुशाल बाळाचा विचार करा. दोघांनाही निघालं तरी मूल होऊ नये असा अर्थ नाही. गरोदरपणाच्या ११ ते १३ व्या आठवड्यात वारेचा छोटा नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते, पण त्यासाठी दोघांतले जनुकीय दोष आधी शोधून ठेवावे लागतात. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, हिमोग्लोबिनच्या आजारांवर तिथे कित्येक वर्षं काम चालतं; डॉक्टरांना विचारून तिथे चौकशी करा.

दोन गोष्टी राहिल्या. फॉलिक ॲसिडची गोळी गर्भ राहण्याआधीपासून सुरू करायची असते, तिचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. याची सुरुवात आपल्या मुंबईतलीच: १९२८ मध्ये इंग्लंडच्या डॉक्टर लुसी विल्स इथे आल्या, हाफकिन संस्थेत गरोदर गिरणी कामगार बायकांच्या ॲनिमियावर त्यांनी काम केलं आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवलं. त्यातला घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला.

दुसरी गोष्ट, वहिनींना गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर लॅबला आधी सांगा. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तोवर दात्याच्या पेशी रिपोर्टमध्ये मिसळलेल्या येतात. आणि त्यांचं निदान मायनर झालं तर त्यांच्या सख्ख्या भावंडांनाही फोन करून कळवा, विशेषतः ज्यांची लग्नं ठरायची आहेत त्यांना.