चिखलाचा तळही नकाशात हवा

प्रश्न : प्रवाळ आणि समुद्रगवत कुठे आहे एवढे कळले, तरी सागरी संरक्षणाची आखणी करता येईल. मग वाळू-चिखलाचे बारीक वर्गीकरण कशासाठी? आणि न दिसणारा तळ ओळखतात तरी कसा?
– एक वाचक, मालवण

उत्तर : उपग्रहाला फक्त उथळ, नितळ पाण्याखालचा तळ दिसतो, कोकणच्या गढूळ पाण्यात त्याचा उपयोग थोडाच. म्हणून जहाजावरील मल्टीबीम सोनारमधून ध्वनीचे झोत पंख्यासारखे तळाकडे सोडतात. प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळावरून खोली कळते आणि त्याच्या तीव्रतेवरून तळाच्या स्वरूपाचा अंदाज येतो. खडकावरून तो सहसा जोरकस परततो, मऊ चिखलावरून क्षीण. मात्र वेगवेगळ्या तळांचे प्रतिध्वनी सारखेही असू शकतात, त्यामुळे ठिकठिकाणी कॅमेरा सोडून आणि गाळाचे नमुने काढून खात्री करावी लागते. नमुन्यांच्या दोन जागांमधल्या भागाला नकाशावर दिलेला रंग हे अनुमानच असते, आणि ते कुठे पक्के व कुठे कच्चे हे न दाखवणाऱ्या नकाशावरून मासेमारीबंदीची रेषा ओढणे मला मच्छीमारांवर अन्याय करणारे वाटते.

आता चिखलाविषयी. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानात प्रवाळभित्तींचा वाटा क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. उरलेल्या भागात वाळू, चिखल, समुद्रगवत, स्पंजांचे तळ आणि खोल समुद्र येतो. तरीही २००४ पूर्वी मासेमारीबंदी ५ टक्क्यांहून कमी क्षेत्रात, आणि तीही मुख्यतः प्रवाळांपुरती होती. तळावरच्या प्रत्येक प्रजातीची नोंद होईपर्यंत थांबणे शक्य नव्हते. खोली, गाळ आणि प्रवाह बदलले की सहसा जीवही बदलतात, या आधारावर शास्त्रज्ञांनी उद्यानाचे ७० जैवप्रदेश (साधारण सारखी परिस्थिती आणि जीव असलेले विभाग) पाडले, त्यांतील ४० प्रवाळभित्तींबाहेरचे, आणि प्रत्येकाचा किमान २० टक्के भाग राखण्याचे उद्दिष्ट ठेवले. १ जुलै २००४ पासून लागू झालेल्या आखणीत बंदीक्षेत्र सुमारे ३३ टक्क्यांवर गेले. वर्गीकरण झाले नसते, तर ओसाड समजले जाणारे तळ पुन्हा वगळले गेले असते. वास्तविक तिथे वलयी कृमी, शिंपले आणि खेकडे गाळ उकरून पोषकद्रव्ये पाण्यात परत आणत असतात, आणि कोळंबीच्या अनेक जाती अशाच मऊ तळावर वाढतात.

आपल्या किनाऱ्यावर असे काम करताना जाळे कुठे खडकाला अडकते आणि कुठे चिखलाने जड होते, हे आधी मच्छीमारांना विचारावे. नमुन्यांच्या जागा निवडण्यासाठी ती माहिती फार मोलाची आहे.