सर्व्हर तपासणाऱ्या एआय एजंटच्या टूल्सची वर्णनं कशी लिहावीत?

समजा, तुमच्या एजंटकडे 'चेक_सर्व्हर', 'गेट_स्टेटस' आणि 'हेल्थ' अशी तीन टूल्स (एजंट बोलावू शकतो अशी फंक्शन्स) आहेत आणि तिन्हींच्या वर्णनात 'सर्व्हरची तब्येत तपासते' एवढंच लिहिलंय. मग डिस्क भरलेली असताना एजंटने 'सगळं ठीक' सांगितलं, यात एजंटमागच्या भाषा-मॉडेलचा फारसा दोष नाही. त्याला तुमचा कोड दिसत नाही. नाव, वर्णन आणि पॅरामीटर्स एवढ्यावरच ते टूल निवडतं. तुमचं 'हेल्थ' फक्त वेब सर्व्हरकडून २०० (म्हणजे 'विनंती यशस्वी' हा कोड) येतो का ते बघतं. २०० आला म्हणजे प्रोसेस जिवंत आहे, बस्. डेटाबेस आणि डिस्कबद्दल त्यातून काहीच कळत नाही, आणि नेमकं हेच वर्णनात नाही.

डिस्कच्या टूलसाठी मी असं लिहीन (प्रत्यक्षात इंग्रजीत लिहा, आशय हाच ठेवा):

'डिस्क_वापर: एका सर्व्हरवरच्या प्रत्येक माउंटची (जोडलेल्या डिस्क-विभागाची) वापरलेली जागा आणि वापरलेले आयनोड, दोन्ही टक्क्यांत. फक्त वाचते, काहीही बदलत नाही. "जागा शिल्लक नाही" अशी एरर आली किंवा लॉग लिहिणं थांबलं तर वापरा. कुठल्या फाइलने जागा खाल्ली हे यातून कळत नाही, त्यासाठी "मोठ्या_फाइल्स". सर्व्हरचं नाव इन्व्हेंटरीत आहे तसंच द्या, आयपी चालत नाही. नाव माहीत नसेल तर आधी "सर्व्हर_यादी". १० सेकंदांत उत्तर आलं नाही तर स्थिती "अज्ञात". त्यावरून डिस्क ठीक किंवा भरलेली, असा कोणताही निष्कर्ष काढू नका.'

आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद) मुद्दाम घातलेत. सेशनच्या लाखो बारीक फाइल्स साचल्या की आयनोड संपतात: जागा ६० टक्केच भरलेली दिसते, पण नवी फाइल बनत नाही आणि एरर मात्र जागा नसल्याचीच येते. 'यातून कळत नाही' हे वाक्य लोक हमखास गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त काम तेच करतं. 'जोशी वरच्या मजल्यावर, इथे बेल वाजवू नये' अशी पाटी लावली की खालच्या घराचा त्रास वाचतो, तसंच.

नुसते आकडे परत करू नका. लोड अ‍ॅव्हरेज ८ (म्हणजे सरासरी ८ प्रोसेस चालू किंवा रांगेत) हा १६ कोअरच्या मशीनवर निवांत असतो, २ कोअरवर तो बोंब मारण्यासारखा असतो. म्हणून त्याच उत्तरात कोअरची संख्याही द्या. शिवाय लिनक्सवर या आकड्यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही धरल्या जातात. हे वर्णनात नसेल तर सीपीयू रिकामा असतानाही एजंट 'सीपीयू वाढवा' असा सल्ला देतो. मेमरीचंही तेच. 'फ्री' आकडा कमी असणं नेहमीचंच, कारण कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) उरलेली मेमरी कॅशसाठी वापरतो. 'अव्हेलेबल' आकडा द्या (कर्नल ३.१४ पासून तो थेट मिळतो) आणि 'फ्री' देऊच नका.

वेळेचा घोळ वेगळाच. मशीन अझूरच्या 'सेंट्रल इंडिया'त, म्हणजे इथेच पुण्यात असलं, तरी लॉग बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात. कोणी 'सकाळी ९ पासून काय झालं?' विचारलं की एजंट दुपारी अडीचपासूनचे लॉग काढतो. म्हणून पॅरामीटरच्या वर्णनातच 'वेळ यूटीसीत द्या, भारतीय वेळेतून ५ तास ३० मिनिटं वजा करा' असं उदाहरणासकट लिहा. त्याहून बरं म्हणजे, 'मागची किती मिनिटं' एवढंच मागा.

लॉगच्या टूलला मर्यादा हवी, समजा २०० ओळी. पुढचं कापलं असेल तर उत्तरातच तसं सांगा, नाहीतर एजंट त्याला पूर्ण लॉग समजतो.

रीस्टार्टचं काम तपासणीच्या टूलमध्ये 'अ‍ॅक्शन' पॅरामीटर म्हणून अजिबात घुसवू नका. ते वेगळं टूल करा, माणसाच्या मंजुरीसह. एमसीपीमध्ये (एजंटला टूल्स जोडण्याच्या खुल्या मानकात) 'फक्त वाचणारं' अशी खूण टूलला लावता येते, पण ती नुसती सूचना असते, कुलूप नव्हे. खरी अडवणूक टूल ज्या युजरने चालतं त्याच्या परवानग्यांतच करा.

तुमची तीन टूल्स आधी दोनवर आणा. 'गेट_स्टेटस' आणि 'चेक_सर्व्हर' एकच काम करत असतील, तर कितीही लांब वर्णन लिहून गोंधळ मिटणार नाही. मग टीममधले लोक विचारतात त्याच भाषेत वीसेक प्रश्न लिहून काढा: 'साइट स्लो का आहे?', 'रात्रीचा बॅकअप झाला का?'. प्रत्येकाला कुठलं टूल कुठल्या पॅरामीटरसह बोलावलं गेलं ते नोंदवा. चुकलं तिथे एका वेळी एकच वर्णन बदला आणि वीसही प्रश्न पुन्हा चालवा, कारण एक वर्णन सुधारताना शेजारच्या टूलचे प्रश्न त्याच्याकडे ओढले जातात.