सायकली बासष्ट हजारांच्या आणि रॅक शहात्तर हजारांचा?

प्रश्न: आम्ही पुण्यात बावधनला राहतो. मी आणि मिस्टर दोघंही नोकरीत आहोत. मुलगी १३ वर्षांची, आठवीत. मुलगा ९ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी क्रेटा घेतली, तिचे हप्ते अजून तीन वर्षं आहेत. घरात चार सायकली आहेत, चारही मिळून ६२ हजारांच्या, पण त्या सोसायटीच्या गेटबाहेर फारशा जातच नाहीत. या हिवाळ्यात मुळशी, ताम्हिणी, दिवेआगरला गाडीवर सायकली घेऊन जायचं मनात आहे. टपावरच्या रॅकचं कोटेशन बार आणि चार कॅरियर धरून ७६ हजारांचं आलंय, १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. मिस्टरांच्या मते डिकीला पट्ट्यांनी बांधायचा १४,५०० चा, तीन सायकलींचा रॅक पुरे. आणि दिरांच्या ओळखीचा एक फॅब्रिकेटर १८ हजारांत गाडीला मागून टो-हुक आणि त्यावर स्टँड वेल्ड करून द्यायला तयार आहे. मला टपावरचा आवडलाय. मुलीच्या शिक्षणासाठीची महिन्याला ८ हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) वर्षभर थांबवली तर हप्ता त्यातून निघेल. करू का?

उत्तर: एसआयपी थांबवू नका, आणि टपावरचा रॅकही घेऊ नका. पण रॅक घ्या, आणि याच हिवाळ्यात घ्या. मुलं आई-वडिलांबरोबर हौसेने सायकलवर येतात तो काळ थोडाच असतो. तो तुमच्या घरात आत्ता चालू आहे, तेव्हा त्यासाठी पैसे खर्च करणं मला अजिबात उधळपट्टी वाटत नाही. प्रश्न फक्त किती खर्च करायचे एवढाच आहे.

किमतीच्या आधी कॅलेंडर बघू. रॅक दहा वर्षं टिकेल असं दुकानदार सांगेल आणि ते खरंही असेल. पण तुमच्या घरात तो किती वर्षं वापरात राहील? मुलगी आज आठवीत आहे. हा हिवाळा आणि पुढचा नववीचा हिवाळा, मग दहावी. दहावीच्या वर्षी शनिवार-रविवार क्लासमध्ये जातात हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि त्यापुढची दोन वर्षं त्याहून वाईट. मुलाची २० इंची सायकल दोन वर्षांत त्याला लहान पडणार. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा सायकलीचा हंगाम. त्यात दिवाळी, परीक्षा, लग्नकार्यं वगळली तर एका हंगामात आठ फेऱ्या म्हणजे चांगल्याच झाल्या. दोन हंगामांच्या सोळा धरू.

७६ हजार भागिले सोळा म्हणजे एका फेरीला ४,७५० रुपये. नंतर रॅक निम्म्या किमतीत विकला गेला तरी २,३७५. दिवेआगरला पोहोचून चार सायकली भाड्याने घेतल्या आणि दिवसाचे दोन हजार मोजले, तरी तेवढे होत नाहीत. आणि रॅक सायकलींपेक्षा १४ हजारांनी महाग! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. सायकली प्रत्येकी साठ-सत्तर हजारांच्या असत्या, तुम्ही दर रविवारी बाहेर पडणारे असता, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

आता तुमची जमाखर्चाची बाजू. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांप्रमाणे दोघांचे मिळून हातात १,५८,००० येतात. त्यातून घराचा हप्ता ४६,०००, गाडीचा १९,५००, शाळा आणि घरखर्च ५२,०००, एसआयपी एकूण १८,०००. अडीअडचणीसाठी मुदत ठेवीत २ लाख १० हजार. काहीही झालं तरी चुकवता न येणारा खर्च महिन्याला १,१७,५०० आहे, म्हणजे ही ठेव जेमतेम पावणेदोन महिने पुरेल असंच धरा. दोघं कमावते असलात तरी किमान चार महिन्यांचा खर्च, म्हणजे ४ लाख ७० हजार, बाजूला हवा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती इथे. नवा हप्ता मागे लावून घेण्याची ही वेळ नाही, मग तो सायकल रॅकचा असो की टीव्हीचा.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दलही सांगते. यात बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी सवलत म्हणून आधी कमी करते, म्हणून तुम्हाला ते दिसत नाही. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच कार्डावर पडतो. ७६ हजारांचे बारा हप्ते आणि दर १५ टक्के धरला तर व्याज साधारण ५,८०० होतं आणि त्यावरचा जीएसटी हजाराच्या थोडा वर. प्रोसेसिंग फी वेगळी. शिवाय रोखीने घेतलं तर दुकानदार जी सूट देईल ती इथे गेली. रक्कम मोठी नाही, पण ‘नो-कॉस्ट’ हे नाव तिला शोभत नाही.

आणि मुलीची एसआयपी. हे ७६ हजार वर्षभरात गुंतवले गेले असते, तर ८ टक्क्यांनी ती अठरा वर्षांची होईपर्यंत लाखाच्या वर गेले असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हातात फक्त पाच वर्षं आहेत. मूल तीन वर्षांचं असताना बुडालेला एक वर्षाचा हप्ता पुढे भरून काढता येतो. तेरा वर्षांचं असताना त्याला जागाच उरत नाही.

टपावरच्या रॅकच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पेट्रोलची फार चिंता करू नका. येऊन-जाऊन सव्वातीनशे किलोमीटरची फेरी, पंधराचं ॲव्हरेज आणि उभ्या सायकलींमुळे १५ टक्के जास्त पेट्रोल धरलं, तरी तीन-सव्वातीन लिटरचाच फरक पडतो. वजन मात्र बघायला हवं. मोठ्या दोन सायकली प्रत्येकी साडेचौदा किलो, मुलांच्या बारा आणि अकरा, म्हणजे ५२ किलो झाले; कॅरियर आणि बार धरून सत्तरच्या पुढे. टपावर किती वजन चालतं हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं आणि त्यात रॅकचं वजनही धरायचं असतं. बऱ्याच गाड्यांचे रूफ रेल नुसते शोभेचे असतात, तेही तिथेच कळेल. क्रेटाची उंची १.६३५ मीटर, वर सायकल चढली की पावणेतीन मीटर होतात. दिवसभर फिरून, दमून परत आल्यावर सोसायटीच्या पार्किंगच्या तुळईखाली गाडी घालताना वर सायकली आहेत हे एकदा विसरलं, तर सायकल, रॅक आणि टप तिन्हींचा खर्च एकदम. आणि मिस्टरांच्या कंबरेचं दुखणं तुम्हीच लिहिलंय. साडेचौदा किलोची सायकल खांद्याच्या वर उचलायची कुणी?

फॅब्रिकेटरच्या पर्यायाला माझा स्पष्ट नकार आहे, दीर कितीही भरवसा देत असले तरी. गाडीच्या सांगाड्याला भोकं पाडली किंवा वेल्डिंग केलं की कंपनी वॉरंटी नाकारू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५ हजारांचा दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. त्याहून मोठा धोका विम्याचा. मागून कुणी धडकलं आणि सर्व्हेअरला न कळवलेला बदल दिसला, तर क्लेमवरून वाद ठरलेला. तीन वर्षांचे हप्ते बाकी असलेल्या गाडीवर हा धोका घेऊ नये.

उरला डिकीचा रॅक. मिस्टरांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त खर्च १४,५०० वर थांबणार नाही. तुमची आणि मुलीची सायकल लेडीज फ्रेमची, म्हणजे वरची दांडी तिरकी उतरणारी. अशी सायकल रॅकच्या हातांवर सरळ टांगता येत नाही. सीट आणि हँडलच्या मध्ये अडकवायची एक जोडदांडी घ्यावी लागते. दोन दांड्यांचे साडेतीन हजार आणि चांगल्या केबल लॉकचे हजार धरा. म्हणजे १९ हजार. सोळा फेऱ्यांनी भागले तर फेरीला बाराशेच्या आत.

मुलाची छोटी सायकल दोन्ही चाकं काढून डिकीत जाईल. मात्र ती आणि बॅगा आधी भरा, कारण रॅकवर सायकली टांगल्या की डिकी उघडत नाही. डबे आणि पाण्याच्या बाटल्या पुढे हाताशी ठेवा. रॅकचे हुक डिकीच्या दाराच्या पत्र्याच्या कडेवरच बसले पाहिजेत. काचेवर किंवा वरच्या प्लास्टिकच्या स्पॉयलरवर भार येता कामा नये. म्हणून तुमच्या मॉडेलचं आणि सालाचं नाव रॅक कंपनीच्या यादीत आहे का, हे आधी पाहा. पॅड टेकतात तिथली धूळ पुसूनच रॅक लावा, नाहीतर एका ताम्हिणीत रंगावर ओरखडे उठतील. सायकलचं टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर आलं तर गरम हवेने खराब होतं. निघाल्यावर दहा किलोमीटरवर एकदा थांबून पट्टे पुन्हा ताणा.

क्रेटाची रुंदी १.७९ मीटर आहे आणि मोठ्या माणसाची सायकलही साधारण १.७५ ते १.८० मीटर लांब असते. चाक गाडीच्या बाजूबाहेर येत असेल तर पुढचं चाक काढून आत ठेवा. माल बाजूंच्या बाहेर आला तर कलम १९४ खाली २० हजारांचा दंड आहे, म्हणजे रॅकच्या सगळ्या खर्चाहून जास्त. नंबर प्लेट झाकली जाणंही नियमात बसत नाही.

विम्याचं एक लक्षात ठेवा: गाडीच्या पॉलिसीत सायकली धरलेल्या नसतात. चहा-मिसळीला थांबाल तिथे गाडी नजरेसमोर लावा. मुक्कामाला सायकली खोलीत घ्या, रात्रभर रॅकवर ठेवू नका.

पैसे कुठून? दिवाळीला दोघांचा मिळून ४० हजार बोनस येईल असं तुम्ही लिहिलंय. त्यातले १९ हजार रॅकला, रोखीने, आणि उरलेले २१ हजार त्याच दिवशी अडचणीच्या ठेवीत. हंगाम तेव्हाच सुरू होतो, त्यामुळे काही गमावत नाही. वापरलेला रॅक स्वस्तात मिळाला तर लोखंडी भाग चालेल, पट्टे मात्र नवे घाला. दिवाळीपर्यंतच्या एखाद्या रविवारी मागचं सीट पाडून दोनच सायकली आत टाका आणि मुलीला घेऊन मुळशीला जाऊन या. ती पहाटे साडेपाचला आपणहून उठते का, हेही कळेल.

दुकानात जाताना गाडी आणि घरातली सगळ्यात लांब सायकल बरोबर न्या. रॅक तिथेच लावायला सांगा, सायकल टांगा, दहा फूट मागे उभं राहून नंबर प्लेट आणि दोन्ही दिवे दिसतात का ते बघा, आणि मगच पैसे द्या.